नाना आणि त्रेसष्ट घोडे

नानांच्या हिशेबी जगात माणसांचे दोनच प्रकार आहेत. ज्यांची गाडी आंबा घाट तिसऱ्या गिअरवर चढते ते, आणि उरलेले. नाना उरलेल्यांत मोडतात. तसं त्यांचं काही वाईट चाललेलं नाही. पेन्शन वेळेवर जमा होतं, मुलगी पुण्यात सुखात आहे, कलमं बऱ्यापैकी धरतात, गुडघे अजून कुरकुरत नाहीत. पण साखरपा मागे पडलं आणि रस्त्याने वर तोंड केलं, की नानांचा चेहरा पडायला लागतो. गाडी तिसऱ्यातून दुसऱ्यात येते तेव्हा ते शेजारी बसलेल्या माणसाकडे बघत नाहीत, खिडकीबाहेर बघतात.

घाटाखालच्या गावांत असा एकेक गृहस्थ नेमलेलाच असतो. चिपळुणात कुंभार्लीपुरता, महाडात वरंध्यापुरता, वैभववाडीत करूळपुरता. गाड्या नव्हत्या तेव्हा ही मंडळी पारावर बसून बैलांविषयी बोलत असणार, आणि पायथ्याला जादा जोडी जुंपण्यात कमीपणा आहे की नाही, यावर भांडत असणार. नाना त्यांचेच वारस. फक्त त्यांचे घोडे डिझेलवर चालतात.

किती घोडे, हे नाना झोपेतही सांगतील. त्रेसष्ट. गाडी महिंद्राची जुनी कॅम्पर, फोर बाय फोर, पुढे दोन ओळी माणसं आणि मागे उघडा हौदा. एका सरकारी खात्याच्या लिलावात त्यांनी ती घेतली. इंजिन २५२३ सीसीचं, चार सिलिंडरचं, टर्बो कंपनीतूनच लावलेला. ३२०० फेऱ्यांना ६३ अश्वशक्ती. या इंजिनाचं घराणं ट्रॅक्टरचं. त्याला धावायची हौस नाही, ओढायची आहे. खालच्या फेऱ्यांवर, दीड हजाराच्या आसपास, ते निवांत ओढत राहतं. त्याला वर पळवायला गेलं की आवाज वाढतो, वेग वाढत नाही. चिखलातून, नदीच्या गोट्यांतून, आंब्याच्या बागेतल्या उभ्या चढावरून पेट्या आणायला याहून भरवशाची गाडी नाही, असं सगळा गाव म्हणतो. नानांना हे कौतुक वाटत नाही. वधूपक्षाने मुलगा स्वभावाने चांगला आहे म्हणावं, तसं ते त्यांना लागतं.

गाडी ओढत नाही, हे नानांनी पहिल्या आठवड्यात जाहीर केलं. त्याचं कारणही त्यांनी स्वतःच शोधलं. वर हवा पातळ.

“नाना, आंबा गाव दोन हजार फुटांवर आहे,” मी म्हणालो. “लडाख नाही ते.”

“पण पातळ आहे ना?”

आता आहे हे खरं. टर्बो नसलेलं इंजिन हजार फुटांमागे साधारण तीन टक्के ताकद गमावतं. म्हणजे दोन हजार फुटांना सहा टक्के, आणि टर्बो असला की त्याहून कमी. खारदुंगला खिंड ५३५९ मीटर उंच. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याजवळ येतो. तिथल्या ड्रायव्हरने हवेला दोष दिला तर ऐकून घ्यावं. नानांचा घाट संपतो तिथे लोक पावसात भिजायला येतात. पण नानांनी ‘पातळ’ एवढाच शब्द उचलला आणि वर्षभर वापरला.

नानांचा पुतण्या रत्नागिरीला डिप्लोमाला होता. त्याने एकदा वहीवर मांडून दाखवलं. एक अश्वशक्ती म्हणजे ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर. भरलेली गाडी २७०० किलो धरू. पंधरा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर नेणारा चढ धरू. ताशी ५४ किलोमीटरने गाडी सेकंदाला पंधरा मीटर जाते, म्हणजे सेकंदाला एक मीटर उंची. २७०० भागिले ७५, छत्तीस. छत्तीस घोडे नुसते वर उचलायला लागले. वारा, टायर, गिअरबॉक्स, दोन-दोन डिफ्रन्शल यांचा वाटा वेगळा. “तेच ताशी चाळीसने गेलात नानाकाका, तर सत्तावीस घोड्यांत भागतं. म्हणजे गाडीत काही खोट नाही. जरा सावकाश जायचं, बस्स.”

नानांनी वही हातात घेतली, चष्मा वर केला, बराच वेळ आकडे पाहिले आणि म्हणाले, “म्हणजे दहा घोडे कमी पडतायत.”

दहा घोड्यांचा शोध सुरू झाला तो असा.

पहिला मार्ग वजनाचा. वरचं कॅरिअर निघालं. मागचं फाळकं निघालं. स्टेपनी घरी राहिली. मागच्या सीटची गादी नानींच्या झोपाळ्यावर गेली. घाटात जायच्या दिवशी नाना प्रवासी निवडू लागले, आणि काजूच्या वखारीत तोलकाटा होताच. आमच्या गावातल्या एका प्रतिष्ठित बाईंना कोल्हापूरला महालक्ष्मीच्या दर्शनाला जायचं होतं. त्यांना नानांनी “पुढच्या खेपेला बघू” म्हटलं आणि ते कुटुंब अजून नानांच्या घरचा गणपती बघायला येत नाही. एवढं करून वाचले असतील सत्तर-ऐंशी किलो. त्याच वेळी गाडीत नव्याने काय चढलं, त्याची यादी कुणी केली नाही. लोखंडी पेटीभर पाने, पाण्याचे दोन कॅन, जादा फॅनबेल्ट, जुनी क्लचप्लेट ‘असू दे म्हणून’, साखळी, पहार, आणि चाकामागे लावायला सागाचे दोन ठोकळे. ठोकळे घेऊन हौद्यात पुतण्या. गाडी चढावर दम टाकून थांबली की उडी मारून चाकामागे ठोकळा सरकवायचा, ही त्याची नोकरी. बिनपगारी.

मी एकदा त्यांची समजूत काढायला म्हणालो, “नाना, कर्जत-लोणावळा चढ ३७ फुटांना एक फूट. तेवढ्यासाठी रेल्वेसारखी रेल्वे कर्जतला गाडी थांबवते आणि मागून ढकलायला बँकर इंजिनं जोडते. तिला कमीपणा वाटतो का?”

“तिला मागून इंजिनं मिळतात,” नाना म्हणाले, आणि हौद्याकडे मान वळवली. “मला हा मिळालाय.”

मग पंप. कोल्हापूरच्या उद्यमनगरात नाही असं काम नाही, आणि नाही म्हणणारा कारागीर शोधायला चिकाटी लागते. नानांच्या खऱ्या मिस्त्रीने नाही म्हटलं होतं. हा मिस्त्री म्हातारा, कमी बोलणारा. इंजिनाजवळ कान नेऊन उभा राहिला की नाडी बघतोय असं वाटतं. तो म्हणाला, “नाना, डिझेल वाढवून ताकद न्हाई वाढत. हवा बी तेवढीच पायजे. न्हाईतर नुसता धूर.” नानांना हा सल्ला म्हणजे हिमतीचा अभाव वाटला. ते पलीकडच्या गल्लीत गेले. तिथल्या पोराने पंपाचं शिशाचं सील तोडलं, मॅक्सिममचा स्क्रू आत घेतला आणि म्हणाला, “आता बघा पळतीय का न्हाई.”

पळाली थोडी. हे मान्य केलं पाहिजे. पण मागे जो काळा धूर निघाला तो पाहून घाटातल्या माकडांनी पहिल्यांदा रस्ता सोडला. न जळलेलं डिझेल काजळी होऊन बाहेर पडत होतं, आणि जे जळत होतं ते इंजिन तापवत होतं. पीयूसीच्या टपरीतल्या मुलाने नळी आत घातली, यंत्राकडे पाहिलं, नळी काढली आणि नानांना हात जोडले. हौद्यात बसणारा पुतण्या घरी आला तेव्हा नानींनी त्याला आधी ओळखलंच नाही.

धूर म्हणजे हवा कमी, एवढं नानांना आता पटलं होतं. म्हणून इंटरकूलर आला. टर्बोने दाबलेली हवा तापते, तापली की विरळ होते. ती वाटेत थंड केली तर तेवढ्याच जागेत जास्त हवा मावते. तत्त्व चोख आहे. पण तो कुठल्याशा मोडीत निघालेल्या गाडीचा इंटरकूलर नानांनी बसवला रेडिएटरच्या बरोब्बर पुढे, कापडी पट्टा आणि तार यांच्या आधाराने. हवा थंड झाली असेल, पाणी तापायला लागलं. मेच्या उन्हात निम्म्या घाटात काटा लाल रेघेला टेकला आणि पाण्याचे दोन कॅन का आणले होते, हे सगळ्यांना एकदम समजलं.

टायरांचं प्रकरण मी थोडक्यात सांगतो, कारण ते आठवलं की नाना अजून विषय बदलतात. मोठ्या चाकाची गाडी चढाला भारी दिसते, म्हणून त्यांनी मूळचे साधारण २८ इंच उंचीचे टायर काढून ३१ इंची, दातेरी, जंगी टायर चढवले. दिसायला गाडी खरंच भारी दिसू लागली. पण चाक मोठं झालं की एका फेरीत गाडी जास्त अंतर जाते, म्हणजे प्रत्येक गिअर आपोआप अकरा टक्क्यांनी लांबतो आणि ओढ तेवढीच घटते. जो चढ दुसऱ्यात व्हायचा तो आता पहिल्यात होऊ लागला. वर स्पीडोमीटरही कमी दाखवायला लागला, तेव्हा नानांचं दुःख दुपटीने मोजलं जाऊ लागलं. मिस्त्रीने टायरांभोवती एक फेरी मारली. “चाक मोठं केलंसा, म्हंजे घोडं म्हागं बांधलंसा,” एवढंच बोलला आणि चहा मागवला.

तुम्ही म्हणाल, गाडी फोर बाय फोर आहे तर तो छोटा दांडा कशाला आहे? लो टाकला की वेग निम्म्याहून खाली आणि ओढ दुपटीहून वर. दहा घोडे शोधायला उद्यमनगर पालथं घालायची गरजच नव्हती. हे पुतण्याने सांगितलं, मिस्त्रीने सांगितलं, मीही भीत भीत सांगितलं. नाना म्हणाले, “लो चिखलासाठी असतो. डांबरी रस्त्यावर लो टाकला तर लोक काय म्हणतील?” त्यांचं उत्तर बरोबर होतं, कारण मात्र भलतंच होतं. या जातीच्या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या आसाला मधे सैल सोडणारं काही नसतं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त फिरतात; चिखलात ती घसरून फरक भागवतात, कोरड्या डांबरावर घसरायला जागा नाही, मग सगळा ताण शाफ्टांना पीळ घालतो. म्हणून कोरड्या रस्त्यावर फोर बाय फोर लावायचीच नाही.

हे नानांना शिकवलं एका वळणाने. एका संध्याकाळी, मागेपुढे कुणी नाही असं पाहून, त्यांनी गुपचूप लो टाकला. गाडी सरळ रस्त्यावर अशी काही उचलली गेली की नाना दोन मिनिटं गाणं गुणगुणत होते. मग आलं घोड्याच्या नालेसारखं वळण. स्टिअरिंग दगड झालं. टायर किंचाळले. नाना दांडा काढायला गेले तर तो रुतून बसलेला, पीळ पडला की तसाच बसतो. आणि पीळ सोडवायचा उपाय एकच, गाडी थोडी मागे घ्यायची. तेवढ्यात मागून रत्नागिरी-कोल्हापूर एसटी आली.

“मागे घ्या,” नानांनी खिडकीतून हात हलवून सांगितलं.

कंडक्टर उतरून आला. “आजोबा, चढायचंय पुढे. तुम्ही पुढे जा.”

“पुढे जाण्यासाठीच मागे यायचंय.”

कंडक्टरने क्षणभर विचार केला आणि गाडीतल्या प्रवाशांना उतरून पाय मोकळे करायला सांगितलं. एसटी घंटी वाजवत, शिट्ट्यांच्या तालावर मागे गेली, नाना पाच-सहा फूट मागे आले, दांडा टक्क करून सुटला. प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. नानांनी त्यानंतर त्या दांड्यावर एक कापडी पिशवी अडकवली. तिच्यात ते आता सुपारी ठेवतात.

उलगडा झाला तो दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात. क्लच घसरतोय का बघायला म्हणून गाडी मिस्त्रीकडे नेली होती, आणि मीही बरोबर होतो. मिस्त्रीने क्लच पाहिला, एअर क्लीनर काढून झटकला, चारही चाकं जॅकवर उचलून हाताने फिरवली; एक मागचं चाक ब्रेक धरून बसलं होतं, ते सैल केलं. बॉनेट उघडं ठेवलं, इंजिन बंदच. पुतण्याला म्हणाला, “दाब पेंडल. पुरता.” पुतण्याने दाबला. मिस्त्रीने पंपाच्या लिव्हरजवळ बोट नेलं. लिव्हर आणि स्टॉपर बोल्ट यांच्यात बोट आरामात फिरत होतं. “पुरता दाब म्हटलं.”

“पुरताच दाबलाय.”

मिस्त्री ड्रायव्हरच्या बाजूला आला, खाली वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग त्याने एकेक वस्तू बाहेर काढायला सुरुवात केली. आधी काथ्याचं जाड पायपुसणं. त्यावर लाल अक्षरांत ‘सुस्वागतम’. त्याच्याखाली घडी घातलेलं गोणपाट. त्याच्याखाली रबरी मॅट. त्याच्याखाली आणखी एक रबरी मॅट, बहुधा सरकारी. दर पावसाळ्यात चिखलाचे पाय गाडीत येतात म्हणून नानींनी एकेक थर वाढवला होता, आणि जुना काढायचा असतो हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. पेडल त्या सगळ्यावर जाऊन टेकत होतं. नाना जिवाच्या आकांताने जे दाबत होते, ते पायपुसणं.

गल्लीत कुणी हसलं नाही. मिस्त्रीचा पोऱ्या पाना घ्यायला म्हणून आत गेला आणि आतच राहिला.

“आता दाब,” मिस्त्री म्हणाला. लिव्हर जाऊन बोल्टाला टकरली.

नानांनी पायपुसणं उचलून झटकलं, घडी करून काखेत धरलं आणि म्हणाले, “तरी मी म्हणत होतो, काहीतरी अडतंय.”

येताना पेडल पुरतं जात होतं आणि पंपाचा स्क्रू त्या पोराने वाढवलेलाच होता, त्यामुळे कोल्हापूर सोडेपर्यंत आमच्या मागे कुणी राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी पंप सोडवून कॅलिब्रेशनला गेला आणि मूळ मापावर आला. पैसे देऊन वाढवलेलं पैसे देऊन कमी झालं. जुने टायर परत चढले. इंटरकूलर निघाला, त्यावर नानींनी सध्या पापड वाळत घातले आहेत. वर मिस्त्रीने एकच गोष्ट शिकवली. वळणाआधी गिअर खाली टाकायचा, गाडी अडखळल्यावर नाही. “इंजिनाला ओढायला आवडतं. त्याला मरू देऊ नका, मग ते तुमाला मारत न्हाई.”

त्यानंतर एका सकाळी आम्ही निघालो. हौद्यात आठ पोती काजू, पुढे नाना, मी, आणि पहिल्यांदाच आत बसायला मिळालेला पुतण्या. फाळकं लावलेलं, स्टेपनी जागेवर. साखरपा मागे पडलं. चढ लागला. दोन-तीन तीव्र वळणं सोडली तर गाडी तिसऱ्यात घुरघुरत, ताशी पस्तीस-चाळीसने, एखादा शब्दही न बोलता घाट चढत राहिली. पुतण्याने माझ्याकडे पाहिलं. मी नानांकडे पाहिलं. नाना रस्त्याकडे बघत होते. पण जमीन वाटून झाल्यावर माणूस घराकडे बघतो, तसं काहीतरी त्या बघण्यात होतं, आणि मी बोललो नाही.

आंब्याला चहाला थांबलो. शेजारी एक कोरी पिकअप येऊन उभी राहिली. चकचकीत, रुंद, घोड्यांचा तर सुकाळ. मालक तरुण होता, उतरता उतरता आपणहून म्हणाला, “अख्खा घाट चौथ्यात, काका. एसी चालू ठेवून.”

नाना उठले. त्यांनी त्या गाडीला एक प्रदक्षिणा घातली, वाकून खाली पाहिलं, चाकाला लाथ मारली, बॉनेट उघडायला लावलं. आत सगळं काळ्या प्लॅस्टिकच्या झाकणाखाली. एक स्क्रूसुद्धा दिसत नव्हता. नानांनी बॉनेट हळूच बंद केलं आणि त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला.

“ही घ्यायच्या आधी तुमच्याकडे कुठली होती हो?”

“जुनी जीप होती. ओढायचीच नाही, काका. वैतागलो होतो.”

“विकलीत?”

“नाही अजून. पडून आहे मलकापूरला, घराच्या मागे.”

नानांनी खिशातून पेन काढलं, चहाच्या टपरीवरून कागद मागून घेतला आणि म्हणाले, “सांगा बरं पत्ता.”